मे महिन्यातल्या नदीचा हिशोब

"एवढ्या मोठ्या नदीत एवढ्याशा पाण्यानं काय होतं?" विदर्भात कारखान्याची किंवा खाणीची जनसुनावणी असली की हा प्रश्न कुणीतरी विचारतोच. विचारणारा दर वेळी प्रकल्पाचाच माणूस असतो असं नाही. वाहत्या पाण्याला दोष नसतो, असं गावातली जाणती माणसंही म्हणतात. प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचं उत्तर आकड्यांत देता येतं. ते काढायची रीत शंभर वर्षांपूर्वीची आहे. कायद्यानं ती पन्नास वर्षांपूर्वी मान्य केली. तरीही ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कामात मी ज्या ज्या नदीकाठच्या ग्रामपंचायतींत गेलो, तिथं हे उत्तर मला कागदावर कधी दिसलं नाही. नदीत सांडपाणी सोडायला संमतीपत्र देण्याआधी मे महिन्यातला प्रवाह धरून हिशोब व्हावा, आणि तो खालच्या अंगाच्या गावांना मराठीत मिळावा, यासाठी हा लेख आहे.

आधी हिशोबच करू. समजा, एखादा कारखाना दिवसाला वीस लाख लिटर सांडपाणी प्रक्रिया करून नदीत सोडतो. म्हणजे सेकंदाला साधारण २३ लिटर. नियमाप्रमाणे त्या पाण्याची बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना ती पाण्यातला जो प्राणवायू ओढून घेते त्याचं माप, लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत चालते. नदीची स्वतःची बीओडी २ धरू. पावसाळा सरताना नदीतून सेकंदाला दहा हजार लिटर पाणी वाहतं असेल, तर सगळं मिसळल्यावर नदीची बीओडी २.०६ होते. फरक पडला म्हणायलाही जागा नाही. आता तीच नदी मे महिन्यात पाहा. प्रवाह सेकंदाला शंभर लिटरवर आला आहे. कारखाना तोच, पाइप तोच, नियमही पाळलेला, आणि नदीची बीओडी मात्र ७.२. आंघोळीच्या घाटावर बीओडी ३ च्या आत असावी, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष. या उदाहरणात तो पाळायचा तर नदीत सेकंदाला किमान ६२० लिटर पाणी वाहतं हवं. तेवढं नसेल त्या दिवशी कायदेशीर सांडपाणीसुद्धा नदी बिघडवतं.

पाचवी-सहावीच्या मुलाला येईल असा हा गुणाकार-भागाकार आहे. यातला 'शंभर लिटर' हा आकडा कुठून घ्यायचा, यावर मात्र सगळं अवलंबून आहे. आपल्या नद्यांचं बहुतेक पाणी जून ते ऑक्टोबर या महिन्यांत वाहून जातं. वर्षाची सरासरी काढली की ऑगस्टचा पूर मे महिन्याच्या खात्यात जमा होतो आणि कागदावर नदी बारमाही भरलेली दिसते. सरासरीवर दिलेलं संमतीपत्र ऑगस्टसाठी ठीक असेल. लोकांना पाण्याची गरज मात्र मे महिन्यात सगळ्यात जास्त असते, आणि तेव्हा तो कागद निरुपयोगी ठरतो.

१९७४ च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायद्याचं कलम १७ वाचून पाहावं. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळानं एखाद्या विशिष्ट प्रवाहात सोडायच्या सांडपाण्याची मानकं ठरवताना, कोरड्या दिवसांत त्या प्रवाहात किमान किती पाणी घाण विरवायला उपलब्ध असतं आणि घाण मिसळल्यावर त्या पाण्यात किती प्रदूषण खपण्यासारखं आहे, हे लक्षात घ्यावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. कायदा करणाऱ्यांना मे महिन्यातली नदी ठाऊक होती. पुढे रोजच्या कारभारात नदीनिहाय विचार मागे पडला आणि सगळ्या नद्यांना मिळून ३० चा एकच आकडा उरला. वैनगंगेलाही तोच आणि गावाशेजारच्या नाल्यालाही तोच. देखरेख करायला हा एक आकडा सोयीचा पडतो, हे मान्य. नदीचं काय होतं हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही.

वरच्या हिशोबात मी एक गोष्ट गृहीत धरली: सगळं मिसळल्यावर. नदीच्या काठावर राहणाऱ्या माणसाला खरा धोका या दोन शब्दांत आहे. पावसाळ्यात पुलावर उभं राहून एखादा नाला नदीला मिळतो ती जागा पाहावी. नाल्याचं गढूळ पाणी नदीत शिरल्याबरोबर विरून जात नाही. काठाला धरून त्याचा वेगळा पट्टा दूरवर वाहत राहतो, मधली नदी आपल्या रंगानं वाहते. प्रवाहाच्या दिशेनं पाणी झपाट्यानं जातं, पण या काठावरून त्या काठाकडे जायला त्याला फार वेळ लागतो. १९६० नंतरच्या दशकांत अभियंत्यांनी याची मोजमापं घेऊन सूत्रं बसवली. त्यात आपल्याकडचे आकडे घालू. पात्र १०० मीटर रुंद, पाणी १ मीटर खोल, वेग सेकंदाला ३० सेंटिमीटर, उतार अगदी कमी. हिवाळ्यातली वर्धा किंवा वैनगंगा अनेक ठिकाणी साधारण अशी दिसते. काठावरून सोडलेलं सांडपाणी पात्रभर सारखं मिसळायला या हिशोबानं सुमारे ४० किलोमीटर लागतात. वळणं, खडक, बंधारे असतील तर अंतर बरंच कमी होतं. तरी ते किलोमीटरांतच मोजावं लागतं.

याचा अर्थ काय? कारखान्याच्याच काठावर सात-आठ किलोमीटर खाली ज्या गावाची नळयोजना आहे, त्याच्या जॅकवेलमध्ये, म्हणजे नदीतून पाणी उपसायच्या विहिरीत, नदीचं सरासरी पाणी येत नाही, तो पट्टा येतो. समोरच्या थडीच्या गावाला त्याच दिवशी स्वच्छ पाणी मिळतं. तपासणीसाठी पुलाच्या मध्यावरून बाटली सोडून घेतलेला नमुना उत्तम निघतो. मग एक गाव तक्रार करतं, दुसरं म्हणतं आमच्याकडे तर काही नाही, आणि प्रयोगशाळेचा अहवाल दुसऱ्या गावाच्या बाजूनं उभा राहतो. इथं कुणीही खोटं बोलत नाही. पाणी कुठून घ्यायचं ते चुकलं आहे. संमतीपत्राच्या प्रस्तावात हा पट्टा नकाशावर आखून दाखवलेला असेल, तर नमुना कुठून घ्यायचा आणि जॅकवेल कुठे बांधायची नाही, हे दोन्ही आधीच कळतं.

उन्हाळ्यात नेमकं उलटं होतं. पात्र आटून दहा मीटरची धार उरते आणि तेवढ्या रुंदीत सांडपाणी किलोमीटरभराच्या आत पुरतं मिसळतं. म्हणजे हिवाळ्यात पाणी असतं पण मिसळत नाही, उन्हाळ्यात मिसळतं पण पाणीच नसतं. एकाच ऋतूचा हिशोब करून दोन्ही धोके हाती लागत नाहीत.

प्राणवायूचा हिशोब याहून महत्त्वाचा. अमेरिकेतल्या ओहायो नदीवर काम करून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ साली तो मांडला. घाण पाण्यात पडली की जिवाणू ती कुजवतात आणि त्यासाठी पाण्यातला प्राणवायू वापरतात. त्याच वेळी हवेतला प्राणवायू पृष्ठभागावरून पाण्यात उतरत असतो. सुरुवातीला खर्च जास्त आणि भर कमी, म्हणून प्राणवायू उतरत जातो. एका ठिकाणी तळ गाठतो, मग हळूहळू सावरतो. तो तळ सांडपाण्याच्या तोंडाशी नसतो. बऱ्याचदा तो दीड-दोन दिवसांच्या वाटेवर असतो. सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगानं पाणी दिवसाला जवळपास २६ किलोमीटर जातं, म्हणजे मासे मरतात ते गाव कारखान्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर असू शकतं. कारखान्याच्या फाटकापाशी नदीत मासे जिवंत दिसतात, तेही खरंच असतं. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातली माणसं मेलेले मासे घेऊन तालुक्याला जातात तेव्हा त्यांना विचारलं जातं, की तुमच्या गावाजवळ तर एकही कारखाना नाही, मग प्रदूषण कुठलं? या प्रश्नाचं उत्तर १९२५ पासून छापलेलं आहे.

आपल्याकडे हा तळ आणखी खोल जातो. स्ट्रीटर-फेल्प्सच्या या गणिती मॉडेलमधले ठोकताळे २० अंश सेल्सिअस तापमानाला दिलेले असतात. विदर्भात मे महिन्यात उथळ पाणी दुपारी ३५ अंशांपर्यंत तापतं. कुजण्याचा वेग दर अंशाला साधारण ४.७ टक्के वाढतो असं धरतात, म्हणजे १५ अंशांत तो जवळपास दुप्पट होतो. उलट, पाण्यात मावणारा प्राणवायू घटतो. २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९.१ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशांना सुमारे ७. खर्च दुप्पट आणि शिल्लक आधीच पाऊणपट. कुठल्याही अहवालात नदीच्या पाण्याचं तापमान २० किंवा २५ अंश धरलेलं दिसलं, तर तो हिशोब चंद्रपूरच्या किंवा अकोल्याच्या उन्हाळ्याचा नाही, असं बेधडक म्हणावं.

पाणी अडवलं की चित्र आणखी बदलतं. नाग नदी नागपूर शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगा गोसीखुर्दच्या जलाशयात थबकते. १९८८ मध्ये या धरणाची पायाभरणी झाली तेव्हा चर्चा सिंचनाची आणि पुनर्वसनाची होती. वाहत्या नदीसाठी केलेला प्रदूषणाचा हिशोब साठलेल्या पाण्याला लागू पडत नाही, हा मुद्दा तेव्हा फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. वेग गेला की खळाळ जातो आणि हवेतून उतरणारा प्राणवायू कमी होतो. गाळ खाली बसतो आणि तळाशी कुजत राहतो. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद साचतं, त्यावर जलपर्णी पोसली जाते. कुही, भंडारा, पवनी तालुक्यांतल्या बॅकवॉटरकाठच्या लोकांनी ती हिरवी चादर पाहिली आहे, त्यात अडकलेली जाळी आणि डोंगे ओढून काढले आहेत. नागपूरचा माणूस फ्लश करतो त्याचा शेवट भंडारा जिल्ह्यातल्या मासेमाराच्या जाळ्यात होतो. शहर आणि खेडं यांच्यातला हा व्यवहार आकड्यांत मांडला गेला पाहिजे, कारण आकड्यांत मांडल्याशिवाय भरपाईची आणि शुद्धीकरणाची जबाबदारी ठरत नाही.

रेतीचंही तेच. पोकलेननं उपसलेल्या रेतीघाटात पात्राच्या मधोमध खोल खड्डे पडतात आणि उन्हाळ्यात त्यांचे डोह होतात. घाणीचा लोंढा पुढे सरकला तरी त्यातला काही भाग या डोहांत मागे राहतो आणि पुढचे कित्येक दिवस थोडाथोडा झिरपत राहतो. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात हे डोह आणि वरचे नाले एकदम खंगाळून निघतात, आणि सहा-आठ महिन्यांचा साचलेला मळ एका लोंढ्यात खाली येतो. पहिल्या पुरात मासे वर येतात ते पाहून लोक टोपल्या घेऊन धावतात. ते मासे बऱ्याचदा गुदमरलेले असतात.

आता अशा नदीवर नळयोजना चालवणाऱ्या माणसाकडे पाहू. नदीकाठच्या एका गावातला पंपचालक सकाळी जॅकवेलवर चढतो, दोरानं बादली सोडतो, ओंजळभर पाणी नाकाशी नेतो. वास आला तर मोटर सुरू करत नाही आणि सरपंचांना फोन लावतो, "आज पान्याले वास येऊन रायला जी, टाकी नाई भरत." विजेची लाइन रात्रीची असली की अंधारात रंग दिसत नाही, मग नुसत्या नाकावर भरवसा. दुसऱ्या दिवशी गावातून बोलणी बसू नयेत म्हणून टाकी भरावीच लागली, तर तो टीसीएल, म्हणजे क्लोरीनच्या ब्लीचिंग पावडरीचं माप वाढवतो. पाण्यात सेंद्रिय घाण आणि अमोनिया असेल तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतं, नळापर्यंत पुरेसं पोहोचत नाही. कीटकनाशकाला, नायट्रेटला, जड धातूंना तर ना धड वास ना रंग. कापसाच्या पट्ट्यात फवारणीनंतरच्या पावसात शेतातून नाल्यात काय उतरतं, हे त्या नाकाला कधीच कळणार नाही. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाणी तपासणीचे संच आले, ते उपयोगाचेही आहेत. पण तपासणी पाणी आल्यावर होते. वरून काय निघालं आहे आणि ते किती वाजता इथं पोहोचेल, हे पंपचालकाला सांगणारं कुणी नाही.

हे सांगता येतं. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली, विझवण्याच्या पाण्याबरोबर विषारी रसायनं ऱ्हाइन नदीत गेली आणि खाली शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले. त्यानंतर ऱ्हाइनकाठच्या देशांनी मिळून इशारा देणारं मॉडेल तयार केलं. नदीत निरुपद्रवी रंग सोडून तो कुठे किती वेळात पोहोचतो, किती पसरतो, याची मोजमापं घेतली आणि त्यावर ते बसवलं. आता वर काही सांडलं तर खालच्या पाणीपुरवठा केंद्राला कळतं, की लोंढा कधी येईल, सगळ्यात दाट कधी असेल आणि पंप किती तास बंद ठेवायचे. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये कोराडी औष्णिक वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी कोलार-कन्हानच्या पात्रापर्यंत गेलं. अशा वेळी खालच्या पंपचालकाच्या हाती 'लोंढा अमुक वाजता पोहोचेल, तमुक वाजेपर्यंत मोटर बंद ठेवा' एवढा एक निरोप असावा. तो निरोप तयार करायला लागणारी गणितं साधी आहेत. नदीचा वेग आधी मोजलेला असावा लागतो.

मॉडेलवर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मला गंभीर वाटतो. चळवळीतले मित्र म्हणतात, तुम्ही विरलनाचा, म्हणजे घाण किती पाण्यात विरळ होते याचा, हिशोब मांडायला लागलात की घाण सोडण्याला शास्त्राचा शिक्का मिळतो. मागणी 'एक थेंबही नको' अशीच हवी. ज्या रसायनांचं विघटन होत नाही, त्यांच्याबाबत मी त्यांच्या बाजूनं आहे. पारा, शिसं, क्रोमियम पाण्यात पसरतात, गाळात बसतात, माशांत साठतात; विरळ झाले म्हणून संपत नाहीत. पण गावांचं आणि शहरांचं मैलापाणी कुठेतरी जाणारच आहे, शेतातलं खत पावसाबरोबर उतरणारच आहे. तिथं 'एक थेंबही नको' म्हणून भागत नाही. किती, कुठे आणि कोणत्या महिन्यात, हे ठरवावंच लागतं. आपण ते ठरवलं नाही तर ते सल्लागार कंपनीच्या बंद खोलीत ठरतं. प्रवाह थोडा जास्त धरला, मिसळण्याचा गुणांक थोडा वाढवला, तापमान थोडं कमी केलं की निष्कर्ष हवा तसा येतो, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणूनच हिशोबातला प्रत्येक गृहीत आकडा उघड हवा. गावातल्या माणसाला समीकरण कळलं नाही तरी चालेल. 'मे महिन्यात सेकंदाला ८०० लिटर' असं त्यात लिहिलेलं दिसलं तर तो लगेच सांगेल, की मे महिन्यात आम्ही इथं पात्रात झिरे खोदून पाणी भरतो. तज्ज्ञाच्या हिशोबाची याहून चांगली पडताळणी मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप सरकारी: आमच्याकडे आकडे नाहीत. मोठ्या नद्यांबाबत हे पटण्यासारखं नाही. केंद्रीय जल आयोग वैनगंगेवर पवनी आणि आष्टीला, वर्ध्यावर बामणीला, प्राणहितेवर टेकऱ्याला वर्षानुवर्षं प्रवाह मोजतो. मॉडेलही विकत घ्यावी लागत नाहीत; नदीच्या प्रदूषणाचा हिशोब करणारं अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं क्वाल-टू-के हे मॉडेल फुकट मिळतं आणि साध्या संगणकावर चालतं. नागपुरात १९५८ पासून आजची नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, उभी आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयं तर जिल्ह्याजिल्ह्यात आहेत.

लहान नद्यांवर मात्र मोजणी खरंच नाही आणि ती गावानं सुरू करण्यासारखी आहे. जगभरचे जलशास्त्रज्ञ वेग मोजायला संत्रं वापरतात, हे विदर्भातल्या किती शाळांना माहीत असेल? संत्रं पाण्यात जवळपास पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही, आणि त्याचा रंग दुरून दिसतो. काठावर २० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकायच्या, वरच्या खुंटीच्या थोडं वरून संत्रं सोडायचं, मोबाइलवर वेळ लावायची. असं काठाशी, मध्ये आणि पलीकडे, आठ-दहा वेळा. आलेल्या वेगाला ०.८५ नं गुणलं की सरासरी वेग जवळपास मिळतो, कारण तळाशी पाणी सावकाश चालतं. बांबूनं दर मीटर-दोन मीटरवर खोली मोजली की पात्राचा छेद, म्हणजे पाण्याच्या आडव्या कापाचं क्षेत्रफळ, मिळतो. छेद गुणिले वेग, झाला प्रवाह. संत्र्याचा मृग बहार मार्चपर्यंत उरकतो, पण दोन-चार फळं मे महिन्यातही बाजारात मिळतातच. दहावीच्या मुलांनी दर पंधरवड्याला ही मोजणी करून शाळेच्या वहीत ठेवली, तर दोन-तीन उन्हाळ्यांत त्या गावाकडे असा आकडा येईल, जो आज कुठल्याच कार्यालयात नाही.

केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ नदीपट्टे प्रदूषित ठरले, त्यात सर्वाधिक ५५ महाराष्ट्रातले. पट्टा प्रदूषित ठरतो तो घाण झाल्यावर. संमतीपत्र आधी दिलेलं असतं, आणि ठरावीक वर्षांनी त्याचं नूतनीकरण होतं. त्या नूतनीकरणाच्या आधी तीन पानी टिपण खालच्या पन्नास किलोमीटरमधल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला पाठवणं प्रदूषण नियंत्रण मंडळाला अवघड नाही. त्यात कोरड्या दिवसांतला किमान प्रवाह, धरलेलं तापमान, काठचा पट्टा कुठपर्यंत जातो त्याचा नकाशा, प्राणवायू सगळ्यात कमी कुठे होतो त्या गावाचं नाव, आणि काही सांडलं तर प्रत्येक जॅकवेलपर्यंत पोहोचायला लागणारे तास असावेत. वर धरण असेल तर उन्हाळ्यात त्यातून किती पाणी सुटणार तेही त्यातच यावं. गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी केंद्र सरकारनं २०१८ मध्ये किमान प्रवाह अधिसूचित केला; वर्ध्या-वैनगंगेचा हक्क त्याहून कमी नाही.

तोपर्यंत गावांनी थांबायची गरज नाही. त्याच १९७४ च्या कायद्यात कलम २५ च्या पोटकलम ६ प्रमाणे मंडळानं संमतीच्या अटींची नोंदवही ठेवायची असते आणि त्या सांडपाण्याची झळ लागणाऱ्या कुणालाही ती पाहता येते. ग्रामसभेनं ठराव करावा, सरपंच, पंपचालक आणि शाळेतले विज्ञानाचे गुरुजी यांनी मिळून प्रादेशिक कार्यालयात जावं, आपल्या वरच्या अंगाला असलेल्या प्रत्येक पाइपची नोंद मागावी आणि ती देताना नदीचा प्रवाह किती धरला होता, ते लेखी विचारावं.